सुतळीनं बांधलेली गोष्ट

"यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही."

दरवर्षी मेच्या तीस तारखेला, टेकडीवरची सैनिकांची थडगी फुलांनी झाकून झाली की ऑटर क्रॉसिंग गावाच्या हॉलमध्ये कॅप्टन बीब याच वाक्यानं सुरुवात करायचा. आणि दरवर्षी दोनशे माणसं एका दमात ओरडायची, "बसतो, कॅप्टन, बसतो!" मग हशा व्हायचा, बाकं करकरायची, बायका मांडीवरची पोरं सारखी करायच्या आणि गोष्ट सुरू व्हायची. गावाला ही गोष्ट इतकी पाठ होती की बीब कुठं श्वास घेणार तेही लोकांना ठाऊक होतं. खरं म्हणजे विश्वासाच्या बाबतीत या माणसाची पत शून्य असायला हवी होती. गावात 'सेंटिनल' नावाचं चार पानी साप्ताहिक तो गेली अठरा वर्षं काढत होता, आणि त्याच्या तिसऱ्या पानावर त्यानं आजवर काय काय छापलं नव्हतं! रविवारी गळ टाकणाऱ्यांना पाण्याबाहेर तोंड काढून दटावणारा मासा त्यानं छापला होता. एका वर्षी आयोवाच्या वाऱ्यानं अख्खा गुरुवार उडवून नेला, म्हणून त्या आठवड्यात अंक निघू शकला नाही, असा जाहीर खुलासाही केला होता. कॅप्टन ही पदवीसुद्धा त्यातलीच. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून लष्करातून तो बाहेर पडला तेव्हा साधा कॉर्पोरल होता. छापखाना घेतला तेव्हा लोक सार्जंट म्हणायला लागले, दाढी पिकली तसा लेफ्टनंट झाला, आणि पुढं कुणीतरी कॅप्टन म्हणालं ते त्यानं दुरुस्त केलं नाही. गावाला सगळं माहीत होतं. त्याच्या थापा लोक हौसेनं वाचायचे, कात्रणं पूर्वेकडच्या नातलगांना पाठवायचे. पण एक गोष्ट मात्र त्यांनी कधी थाप मानली नाही, ती ही. मलबरी ब्रँचच्या ओढ्यावर ल्यूथर पॉमरॉय पडला आणि त्याच्या हातातला पलटणीचा झेंडा भुईला लागायच्या आत याच लान्स बीबनं उचलला, ही गोष्ट.

आणि त्या वर्षी, समारंभाच्या आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी साडेनऊ वाजता ही गोष्ट जमिनीवर पडली.

खरोखरच पडली. दरवर्षी पुन्हा पुन्हा छपाईचे शिशाचे खिळे कशाला जुळवायचे, म्हणून पहिल्या वर्षी जुळवलेला मजकूर बीबनं कधी सोडलाच नव्हता. हाताच्या तीन वितींएवढा शिशाचा तो ठोकळा, सभोवती सुतळी गुंडाळून, खिडकीखालच्या फळीवर गॅली नावाच्या पत्र्याच्या तबकात सोळा वर्षं उभा होता. मे उजाडला की तो खाली यायचा, कुंचल्यानं धूळ झाडून घ्यायचा, छापून व्हायचा, क्षाराच्या पाण्यानं धुऊन परत फळीवर जायचा. मधल्या वर्षात कधी खिळे कमी पडले तरी त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. अक्षरं झिजली होती. काही शब्दांची पोटं शाईनं बुजायला लागली होती, आणि ल्यूथरच्या नावातलं पहिलं अक्षर तर जवळजवळ उमटतच नसे, पण लोक ते डोळ्यांनी भरून घ्यायचे. बीब स्टुलावर चढून गॅली खाली घेत होता. तेवढ्यात छापखान्यात खिळे जुळवणारी मिस ऑर्फा विल्कॉक्स टोपी खुंटीला अडकवत म्हणाली,

"कॅप्टन, मदर पॉमरॉयचा निरोप आहे. उद्या हॉलमध्ये येणार आहे म्हणाली. पहिल्या बाकावर."

"ल्यूथरची आई तर कधी येत नाही."

"आता येतीये. डॉक्टरनं तिला सांगितलंय, पुढच्या वर्षीची लायलॅकची फुलं बघायचा हट्ट धरू नका. तर म्हणाली, लान्सला म्हणावं, एकदा तुझ्या तोंडून ऐकते. कागदावर नको."

"कागदावर नको?"

"कागदावरचं पाठ झालंय म्हणाली. अहो, सांभाळा!"

गॅली कलली तेव्हा बीबला वाटलं, आपण ती धरली आहे. बोटं तर पत्र्यावरच होती. पण सोळा वर्षांची सुतळी कोपऱ्यावर कुजलेली होती, ती नुसती सुटली, आणि ठोकळा घसरत, ओळीमागून ओळ उलगडत खाली आला. मोठा आवाज झाला नाही. पावट्याचं पोतं उसवल्यासारखा एक लांबलचक आवाज झाला आणि मग फळ्यांच्या फटींतून खाली तळघरात एकेक खिळा टिक्, टिक् पडत राहिला. तो आवाज बराच वेळ चालू होता. ऑर्फानं तोंडावर हात ठेवला. मग हात काढून म्हणाली, "घ्या. अमेरिकेच्या इतिहासाची खिचडी झाली." बीब हसला नाही म्हणून ती चपापली आणि गुडघे टेकून खिळे गोळा करायला लागली.

तो स्टुलावरच उभा होता. वरून तो शिशाचा सडा चकाकत होता, आणि त्याच्या मनात आलेली पहिली गोष्ट अशी की आता काहीही होऊ शकतं. इतकी वर्षं ही गोष्ट एका जागी उभी होती, म्हणजे तोही एका जागी उभा होता. शब्द सुतळीनं बांधलेले होते. त्यातला एक इकडचा तिकडे होत नव्हता. त्याला फक्त ते वाचायचे असत, आणि वाचणारा माणूस कुठं खोटं बोलतो? खोटं जे काय होतं ते एकदाच, कुठल्याशा तरुण माणसानं जुळवलं होतं. त्या माणसाशी बीबची आता फारशी ओळखही उरली नव्हती.

पत्र्याच्या छपरावर ऊन चढत होतं. शाईच्या रुळाच्या गूळपाण्याचा आणि सरसाचा वास, शाईचा वास, आणि ओल्या माणसासारखा येणारा जुन्या कागदाचा वास. हा वास त्याला नेहमी धीर द्यायचा. आज तो ओढ्याच्या काठासारखा वाटला. तो उतरला आणि खिळ्यांच्या घराघरांच्या उंच केसपुढं जाऊन डाव्या हातात ओळ जुळवायची पट्टी, स्टिक, धरून उभा राहिला. हाताशी कागद घेतला नाही. बातम्या, मृत्युलेख, थापा, सगळं तो कागदावर न लिहिता थेट खिळ्यांत जुळवायचा, ही त्याची जुनी खोड. डोकं बाजूला ठेवायचं आणि बोटांना सांगू द्यायचं. बोटं आपोआप घरांवरून फिरली, टप् टप् खिळे येत गेले. यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही. त्रेसष्टच्या ऑगस्टात. मलबरी ब्रँच. मका डोक्याच्या वर गेलेला. झेंडा ल्यूथरकडे होता. दोन ओळी झाल्या, चार झाल्या. बोटांना वेग आला आणि त्याचं मन सैल सुटलं. मक्याची पानं वाळून कागदासारखी झाली होती, त्यांतून गोळ्या जायच्या तेव्हा कुणीतरी भराभर पानं उलटतंय असं वाटायचं. ल्यूथरला दोन्ही हात काठीला लागायचे म्हणून त्याचा पाण्याचा तुंबा बीबच्या खांद्याला असायचा. झेंडेकऱ्याचं पाणी शेजारच्यानं वागवायचं, ही त्यांच्या कंपनीची रीतच होती. दोघांचेही तुंबे मदर पॉमरॉयनं आपल्या जुन्या तपकिरी लोकरी परकराच्या कापडात शिवून दिले होते. ल्यूथरच्या तुंब्याला तांबडा टाका होता, बीबच्या तुंब्याला निळा. बीबला आई नव्हती. सहाव्या वर्षापासून तो तिच्याच टेबलावर जेवलेला. निघायच्या दिवशी आगगाडीच्या डब्याशी उभी राहून ती ल्यूथरला काहीच बोलली नाही, बीबला म्हणाली, "लान्स, हा तहान लागली तरी मागायचा नाही. लहानपणापासून तसाच आहे. तूच विचारत जा हां." आणि तो म्हणाला होता, "विचारीन ना, मदर." काय मोठं वचन! पाणी हवं का, असं विचारायचं.

त्यानं स्टिककडे पाहिलं. खिळे उलटे असतात, अक्षरं आरशातल्यासारखी, पण त्याला ती सुलट्यापेक्षा लवकर वाचता यायची. शेवटची ओळ होती, 'त्यानं मला हाक मारली.' आणि तिच्या पुढं तीन शब्द: 'मी गेलो नाही.'

पाठीमागून ऑर्फाच्या परकराची सळसळ आली. बीबनं स्टिक उपडी केली. खिळे पुन्हा जमिनीवर.

"आता मुद्दाम?" ती म्हणाली.

"बोटं घसरली."

"मग सरका, मी करते. मला आहे की पाठ. गावात कुणाला नाही? 'आईला सांग, झेंडा भुईला लागला नाही.' हे लहानपणी आम्हाला शाळेत म्हणायला लावायचे, तेव्हा मला रडू यायचं."

"नको," बीब म्हणाला. इतक्या जोरात, की त्यालाच ऐकू आलं. मग हळू आवाजात, "नको ऑर्फा. मदर म्हणाली ना, कागदावर नको. यंदा नुसतं तोंडानं सांगू. त्या जागी यकृताच्या गोळ्यांची जाहिरात टाक, ती जुळलेली आहे."

ऑर्फानं त्याच्याकडे पाहिलं. बारा वर्षं ती त्याच्या शेजारच्या केसवर उभी होती. त्याच्या थापांतले स्वल्पविराम दुरुस्त करायची, माशाचा आकार दर आठवड्याला वाढतोय अशी तक्रार करायची. पण या वेळी तिनं लगेच गोळ्यांची जाहिरात उचलून आणली, आणि तेच त्याला फार वाईट वाटलं.

दुपारी अंक बाहेर पडला आणि तासाभरात किराणावाला ओबेड क्रॅन्स्टन दारात उभा. गावातल्या सगळ्या समारंभांचा अध्यक्ष तोच असायचा, कारण खुर्च्या त्याच्या दुकानातून येत. "कॅप्टन," तो अंक फडकवत म्हणाला, "गोळ्यांची जाहिरात वाचून बायकोला हुंदका आवरेना. पण ल्यूथर कुठं गेला?"

"उद्या तोंडानं."

"तोंडानं तर दरवर्षी असतंच. कागदाशिवाय विसरशील बिसरशील."

"माझीच गोष्ट मी विसरेन?"

"तसं नव्हे रे बाबा. पण पॉमरॉयची थोरली बाई येतीये. सतरा वर्षांत पहिल्यांदा. नीट जमव म्हणजे झालं." आणि जाता जाता, "मासा आणू नकोस मध्ये."

बीब हसला. दार बंद झाल्यावर त्याला कळलं की हसू चेहऱ्यावर तसंच राहिलंय, धुतलेला कपडा दोरीवर राहावा तसं. थोरली बाई. सतरा वर्षांत तिनं एकदाही ही गोष्ट ऐकली नव्हती. मिरवणूक टेकडीवरून हॉलकडे वळली की ती मागंच राहायची, ल्यूथरच्या दगडापाशी, काळी टोपी घालून बसलेली. लोक म्हणायचे, ऐकवत नाही बिचारीला. त्या दगडाखाली कुणी नव्हतंच. ल्यूथर तिकडं दक्षिणेत ओढ्याच्या काठी पुरलेला. दगड आला तेव्हा गावानं ठरवलं की त्यावर ल्यूथरचे शेवटचे शब्द कोरायचे. पाथरवट तयार होता. मदर पॉमरॉय म्हणाली, "नको. जागा नाही दगडावर." आणि तिनं फक्त नाव आणि दोन सालं कोरून घेतली. दगडावर खाली हातभर जागा रिकामी होती. ती अजूनही रिकामी आहे. सोळा वेळा बीब त्या दगडापुढं टोपी काढून उभा राहिला आणि सोळाही वेळा त्याची नजर नावावर न जाता त्या हातभर जागेवर गेली. काटकसर असेल. पाथरवट अक्षराला दर लावायचा, तेव्हा काटकसरच असेल, दुसरं काय असणार. तिला कळण्यासारखं काही नव्हतं. कंपनीतले त्या ओढ्यापाशी असलेले बाकीचे चौघे त्याच दुपारी गेले. पाहणारं कुणी उरलं नव्हतं. सांगणारा एकटा तोच.

आणि मुळात त्यानं कुठं सांगितलं होतं? हा मुद्दा तो स्वतःशी पुष्कळदा मांडायचा, वकिलासारखा. ओढ्याच्या काठाखाली माती खचून एक पोकळी झाली होती, वरून मुळ्या लोंबत होत्या, तिच्यात तो शिरला. कधी शिरला ते आठवत नाही. आधी तो धावत होता आणि मग तो आत होता. गुडघे हनुवटीला. ल्यूथर दहा पावलांवर पडला. दहाच. नंतर त्यानं ती मोजली होती. झेंडा त्याच्या अंगावरून चिखलात पसरला. आणि जो कधी मागत नसे त्यानं मागितलं. "लान्स. पाणी." ओरडून नाही. टेबलावर मीठ मागावं तसं. "लान्स, माझं पाणी दे." तुंबा बीबच्या बरगडीला लागून होता, गार, आणि तो थरथरत होता म्हणून आतलं पाणी डुचमळत होतं. त्याला वाटलं, हा आवाज ऐकून शत्रूचे लोक आपल्याला गोळी घालतील, म्हणून त्यानं तुंबा दोन्ही हातांनी पोटाशी आवळून धरला. आणि कान कसे झाकणार? हात गुंतलेले. म्हणून त्यानं सगळं ऐकलं. किती वेळा ते सांगता येणार नाही. नंतर नुसतं नाव. नंतर तेही नाही. गोळीबार थांबला, तो बाहेर आला, ल्यूथरच्या तोंडावर झेंड्याचं कापड आलं होतं ते काढावं म्हणून त्यानं काठी उचलली. एवढंच. त्याच क्षणी मक्यातून एक अधिकारी घोड्यावरून आला, चिखलानं माखलेला, थांबलासुद्धा नाही. "शाबास कॉर्पोरल! झेंडा राखलास!" बीबनं सांगायला तोंड उघडलं, तोवर घोडा निघून गेला होता. तोंड उघडं राहिलं, मग ते मिटलं. त्या रात्री शौर्याच्या यादीत त्याचं नाव वाचलं गेलं. मग मदरला पत्र लिहायची वेळ आली, आणि पत्रात काहीतरी लिहावं लागतंच. 'आईला सांग.' आईला काय सांगायचं? ल्यूथरच्या वस्तूंची पेटी त्यानंच भरली. कंगवा, बायबल, चाकू, तांबड्या टाक्याचा तुंबा. भराभर भरली, न बघता, आणि खिळे ठोकले. त्या वस्तू नजरेआड झाल्या तेव्हा कुठं त्याला जेवण गेलं.

शुक्रवारी हवा स्वच्छ होती. कॉटनवुडच्या झाडांचा कापूस रस्त्यावरून उडत होता. सकाळपासून पोरी बादल्यांत पिवोनी आणि लायलॅकची फुलं घेऊन हिंडत होत्या, आणि त्या वासानं बीबचं डोकं धरलं होतं. ढोल-बासरीमागं तो टेकडीवर चढला, उतरला. निळा कोट काखेत आवळत होता. मनाशी त्यानं ठरवलं होतं. केव्हा ठरवलं कोण जाणे, दाढी विंचरताना असेल. सांगून टाकायचं. सुतळी तुटली ती काही उगाच नाही. आता कागद नाही, शिसं नाही. मग होऊ दे काय व्हायचं ते. 'सेंटिनल' कुणी घेणार नाही, ओबेड ओळख देणार नाही, ऑर्फा टोपी उचलून निघून जाईल. जाऊ दे. मदरला आता थोडेच दिवस आहेत, तिच्या टेबलावर आपण बारा वर्षं जेवलो. हे ठरलं, आणि त्याच्या पोटात असं हलकं वाटलं की त्याला भीतीच वाटली. लढाईच्या आधी काहीजणांना असं हलकं वाटायचं. ते सहसा परत येत नसत.

हॉलमध्ये कॉफीचा उकळता वास, पंखे हलवणाऱ्या बायका, ओबेडच्या खुर्च्या. पहिल्या बाकावर मदर पॉमरॉय. ती इतकी लहान कधी झाली? काळ्या टोपीत सुरकुतलेल्या सफरचंदासारखा चेहरा, मांडीवर एक कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. शेजारी ऑर्फा. बीब जवळून जाताना म्हातारीनं त्याची बाही धरली.

"लान्स, जेवलास का रे?"

"जेवलो, मदर."

"खोकलतोस अजून. शाईनं होतं ते." मग बाही सोडत, "सांग आता. मला ऐकायला कमी येतं, मोठ्यानं सांग."

तो व्यासपीठावर चढला. ओबेडनं काहीतरी प्रास्ताविक केलं, टाळ्या झाल्या, थांबल्या. बीबनं तोंड उघडलं.

"यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही."

"बसतो, कॅप्टन, बसतो!" दोनशे माणसं. म्हातारीचे ओठ हलले नाहीत.

तो सांगू लागला. ऑगस्ट, मका, ओढा. आवाज ठीक होता. मग ल्यूथर पडला तिथं तो आला. इथं तो दरवर्षी श्वास घ्यायचा, आणि लोकांनीही घेतला. "आणि झेंडा," बीब म्हणाला, "झेंडा चिखलात पडला."

हॉलमधले पंखे थांबले. मागच्या बाकावरून कुणीतरी, त्याला शब्द सुचत नसेल असं वाटून, हळूच म्हणालं, "भुईला लागायच्या आत..." पण बीबनं मान हलवली. "नाही. चिखलात पडला. बराच वेळ पडून होता. मी तो राखला नाही. मी काठाखाली लपलो होतो. गोळीबार थांबल्यावर उचलला, आणि एका अधिकाऱ्यानं पाहिलं, आणि मी काही बोललो नाही. सतरा वर्षं मी तुम्हाला जे सांगतोय ते झालं नाही."

शब्द तोंडातून गेले. छप्पर कोसळलं नाही. ओबेडचा चेहरा लाल झाला होता, ऑर्फा त्याच्याकडे बघत होती, पण घृणेनं नव्हे. उलटे खिळे वाचताना बघायची तशी, एकेक अक्षर. आणि खाली म्हातारी मान डोलावत होती. हळूहळू, जणू तिला हे ऐकायला छान वाटत होतं. चालू दे, पुढं सांग, अशी. हॉल इतका शांत झाला होता की बाहेर बांधलेल्या घोड्यांची शेपटं ऐकू यावीत, आणि त्या शांततेत त्याला जाणवलं की लोक आपल्यावर रागावलेले नाहीत. ते ऐकतायत. आजवर कधी ऐकलं नाही तसं. कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी होतं. चिखलातला झेंडा त्यांना आवडला होता! हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याच्या आत काहीतरी जुनं, सरावाचं, हळूच उठून बसलं. मासा आणणारं ते.

"ल्यूथर दहा पावलांवर होता," तो म्हणाला. "दहाच. त्यानं मला हाक मारली." आता तीन शब्द राहिले होते. काल जुळवलेले, उलटे. ते त्याच्या जिभेवर आले, शिशाच्या चवीचे. म्हातारीची मान थांबली होती. ती वाट बघत होती. तिच्या चेहऱ्याकडे बघत ते तीन शब्द सांगायचे. झेंडा काय, कापडच होतं ते. पण हे? हिला? आगगाडीच्या डब्याशी उभी राहिलेली होती ती.

"आणि मी गेलो," बीब म्हणाला.

एकदा ते निघालं आणि मग वाहायलाच लागलं. "झेंड्यासाठी गेलो नाही मी, पण त्याच्यासाठी गेलो. रांगत गेलो. गोळ्या डोक्यावरून जात होत्या. तो कधी मागायचा नाही, त्या दिवशी त्यानं मागितलं. त्याचा तुंबा माझ्या खांद्याला होता, मदर, तुम्ही शिवून दिलेला, तांबड्या टाक्याचा. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि तुंबा तोंडाला लावला. सगळं पाणी प्याला तो. घटाघटा. मी तुंबा उपडा करून दाखवला, एक थेंब उरला नव्हता, तेव्हा तो हसला, आणि..."

"खोटं."

आवाज मोठा नव्हता. कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा आवाज नीट बेतलेला नसतो, तसा तो जरा वाकडा आला, पण मागच्या भिंतीपर्यंत गेला. म्हातारी उठून उभी राहिली होती. ऑर्फा तिला धरायला गेली तर तिनं हात झटकला, आणि मांडीवरची पिशवी आता छातीशी होती. पिशवीच्या तोंडातून तपकिरी लोकरीचा एक कोपरा आणि तांबडा दोरा दिसत होता.

"झेंड्याचं मला काही नव्हतं रे," ती म्हणाली. "ते तू गावाला सांग हवं तर. मी कधी येऊन तुला अडवलं? पण हे नको, लान्स. पेटी मी उघडली. बूच मी काढलं. भरलेला आला होता तो."